मदत हवी आहे: जंतू गिळताना पेशीचं तोंड मिटतं कसं?

नमस्कार मंडळी,

मालवणजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी पांढरी पेशी, जंतूला कसं गिळतं हे सांगताना मी फळ्यावर पाग, म्हणजे मासे धरायचं फेकजाळं, काढला. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी खुंटीला पाग असतो, म्हटलं पटकन समजेल. तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पागाक दोरी आसता. ती ओढली की शिसां एकत्र येतत आणि पाग मिटता. पेशीची दोरी कोण ओढता?"

प्रश्न अगदी रास्त आहे. तिला अर्धवट उत्तर द्यायचं नाही, म्हणून वेळ मागून घेतला.

मला समजलंय ते असं: जंतूला चिकटलेल्या अँटिबॉडींची शेपटं मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर पकडतात. आत निरोप जातो आणि तिथे ॲक्टिन या प्रथिनाचे धागे वाढू लागतात. धागा जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचा. एआरपी २/३ नावाचं प्रथिन त्याला साधारण ७० अंशांत फांद्या फोडतं. ही वाढती जाळी आवरणाला आतून रेटते आणि जंतूभोवती पेला उभा राहतो. सायटोकॅलेसिन देऊन ॲक्टिनची वाढ थांबवली, तर कण पेशीला चिकटून राहतो, आत मात्र जात नाही.

अडतंय ते पुढे. रेटून पेला वर चढेल, पण मिटेल कसा? आणि सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत ॲक्टिन पेल्याच्या काठाशी चमकतं, तळाशी मात्र विरून गेलेलं दिसतं. आधार द्यायचा तर तळाचाच का काढायचा?

उत्तर:

ताई, पाग फळ्यावर राहू दे, पण शेजारी पिशवीची चेन काढा. पाग एकदम पडतो. पेशी मात्र चेनीसारखी दातादाताने पुढे जाते. १९७५-७६ च्या सुमारास ग्रिफिन, सिल्व्हरस्टाइन आणि सहकाऱ्यांनी हे छान दाखवलं. लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशीच्या सगळ्या अंगावर अँटिबॉडी असेल तर मॅक्रोफेज तिला गिळतं. त्याच अँटिबॉडी एका टोकाला गोळा झालेल्या असतील तर नुसतं धरून ठेवतं. पुढचा दात मिळाला नाही की चेन तिथेच अडते.

दोरीही आहे, पण ती बाहेरून कोणी ओढत नाही. काठाशीच ॲक्टिनबरोबर मायोसिन असतं, स्नायूत असतं त्याच कुळातलं. ते नाडीसारखं आवळतं.

तळाचं म्हणाल तर ॲक्टिनची जाळी आवरणातल्या पीआयपी२ या स्निग्ध रेणूच्या आधाराने टिकते. तळाशी तो खर्ची पडतो आणि जाळी सुटते. सुटं झालेलं ॲक्टिन काठाला वापरता येतं. शिवाय एवढा मोठा पेला करायला आवरण कमी पडतं, ते आतल्या पुटिका, म्हणजे आवरणाच्याच छोट्या पिशव्या, येऊन पुरवतात. तळाशी दाट जाळी राहिली तर त्यांना वाट कुठून मिळणार? कण जितका मोठा, तितकं तळ मोकळं होणं गरजेचं.

मूळ प्रश्नकर्ती:

मनापासून आभार! लिम्फोसाइटचा प्रयोग सोमवारी वर्गात सांगते. निकाल आधी फोडणार नाही. अँटिबॉडी एकाच टोकाला असतील तर काय होईल, हे त्या मुलीलाच आधी विचारते.