समुद्र दारात, पण किती वाजता?

(बेळगावातल्या एका सोसायटीचा ग्रुप. नावांच्या जागी फ्लॅटचे नंबर.)

बी-३०२: नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही चौघं अंदमानला जायचं ठरवायलालोय. हॅवलॉक बेटावर समुद्राला लागून एक रिसॉर्ट मिळायलालंय, रात्रीला २,८००, नाश्ता धरून. फोटोत खोलीच्या पायरीला पाणी टेकलंय. ऑफर आज रात्री बारापर्यंतच आहे. कुणी जाऊन आलंय काय?

सी-२०१: २,८०० ला समुद्र? डिसेंबरात गोव्यात एवढ्याला गाडी लावायला जागा देत नाहीत वो.

ए-१०४: दादा थांबा, पैसे भरू नका. आम्ही संक्रांतीनंतर जाऊन आलोय. कुकर लावलाय, तेवढा उतरवून लिहिते.

सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, कृपया लक्षात ठेवा.

सी-२०१: काका, पाण्याचाच विषय आहे की.

ए-१०४: आले. आधी सांगा, तुमचं रिसॉर्ट बेटाच्या कुठल्या बाजूला आहे? तिथल्या किनाऱ्यांना नंबर आहेत, तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर असे.

बी-३०२: विजयनगर लिहिलंय. पाच नंबर.

ए-१०४: वाटलंच मला. आम्ही पण तिथंच होतो. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती. आम्ही दुपारी तीनला पोचलो. बोटीतून उतरल्यापासून मुलं नाचायलालेली, बॅगा टाकल्या आणि पोहायचे कपडे घालून बाहेर पळाली. पाठोपाठ मी टॉवेल घेऊन. बघते तर समुद्रच नाही. खरंच नाही. नारळाची झाडं आहेत, झोपाळा आहे, फोटोतली लाकडी खुर्ची आहे, आणि समोर दोन-तीनशे पावलं नुसते काळे खडक, मेलेलं पोवळं, मधेमधे चिखलाच्या डबक्यांत चिमुकले खेकडे. पाणी तिकडं लांब, निळ्या रेघेसारखं. धाकटा तसाच अनवाणी धावला आणि पोवळ्यानं तळपाय कापून घेतला. पहिला दिवस डेटॉल आणि कापसात गेला.

ए-१०४: ऑफिसात जाऊन विचारलं तर पोरगा शांतपणे म्हणाला, मॅडम, पानी आएगा. म्हटलं हे तर आमच्या गल्लीतल्या नळासारखंच झालं. कधी येणार तेवढं सांग!

डी-४०१ मास्तर: उत्तम. आजवर आपल्याकडे फक्त नळाला भरती-ओहोटी होती.

ए-१०४: आणि आलं हो पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर पायरीपासून दहा पावलांवर. काचेसारखं. तुम्ही बघितलेला फोटो त्या वेळचा. फोटो खोटा नाही, पण तो कोणत्या वेळचा ते कुणी सांगत नाही.

ए-००२ आजोबा: सूनबाई, तिथी कोणती होती?

ए-१०४: आजोबा, नेमकी मौनी अमावास्या.

ए-००२ आजोबा: मग कसं व्हायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. भरती मोठी, म्हणून ओहोटीही मोठी. माझं बालपण वेंगुर्ल्यात गेलं. आमच्याकडे मासेमारी करणारे गाबित लोक घड्याळ बघत नसत, तिथीची पाऊणपट करत. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमाराला भरती. चतुर्थी असेल तर तीन. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास.

ए-१०४: हे मला तुम्ही आधी कुठेतरी सांगितलं होतं आणि मी तिथं करून पण बघितलं. जमलं नाही. तुमच्या हिशेबानं बाराला भरती यायला हवी होती, तिथं ती नाश्त्यालाच येऊन गेलेली.

ए-००२ आजोबा: जमणार नाही बाळ. ती पाऊणपट आपल्या कोकण किनाऱ्याची. पलीकडचा समुद्र वेगळा, त्याची वेळ वेगळी. पण बाकीचं तिथंही असंच. भरतीपासून ओहोटीला साधारण सहा तास, आणि रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं उशीर. अष्टमीच्या पुढं एक-दोन दिवस भांग असतो, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही.

बी-३०२: भांग म्हणजे?

ए-००२ आजोबा: पिण्याची नव्हे. उधाणाच्या उलट तो भांग.

ए-१०४: दादा, आजोबांनी आता सांगितलं ते सोन्यासारखं आहे, लिहून घ्या. स्वस्त रिसॉर्ट घ्यायचंच असेल तर कालनिर्णय काढा आणि अष्टमी-नवमी-दशमी बघून जा. पाच नंबरला तळ सपाट आहे. पाणी उंचीनं थोडंसंच उतरतं, पण किनाऱ्यापासून केवढं लांब जातं. भांगात गेलात तर तेच २,८०० वसूल. अमावास्येला गेलात तर अर्धा दिवस खडक बघायचे. बुकिंगच्या आधी त्यांना फोन करून एवढंच विचारा, ‘या तारखांना ओहोटी किती वाजता?’ गडबडले तर समजा.

सी-२०१: मग सरळ सात नंबरलाच राहायचं की. राधानगर म्हणजे तोच ना, सगळे फोटो टाकतात तो?

ए-१०४: तोच. पश्चिमेला आहे, मऊ वाळू, ओहोटीला पण पोहता येतं, सूर्यास्त तिथलाच बघायचा. पण त्या बाजूला राहायच्या जागा थोड्या आणि भाव बघून डोळे पांढरे. आम्ही राहायला पूर्वेला आणि पोहायला पश्चिमेला असं केलं. बेटाच्या आरपार दहा-बारा किलोमीटर, स्कूटर घेतली दिवसाला पाचशेला. रस्ता सुपारीच्या बागांतून, भाताच्या खाचरांतून जातो. खानापूरच्या बाजूनं चाललोय असंच वाटत होतं मला, फक्त वळणावर म्हशींऐवजी समुद्र.

ए-१०४: एक मात्र. मगरीच्या सूचनेच्या पाट्या आहेत तिथं. खाऱ्या पाण्यातल्या मगरी. २०१० साली एका परदेशी बाईचा जीव गेलाय त्याच बाजूला. जीवरक्षक सांगतील तेवढ्यातच पोहायचं, कोपऱ्यातल्या खाडीकडे जायचं नाही आणि अंधार पडायच्या आत बाहेर.

बी-३०२: अंधार म्हणजे सात-साडेसात धरू?

ए-१०४: अहो कुठलं! साडेपाचच्या आत सूर्य बुडाला आमचा. दुसऱ्या दिवशी पाचला चहा पिऊन निघालो, पोचेपर्यंत संपलं होतं सगळं.

डी-४०१ मास्तर: सोपं आहे. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, ८२.५ अंश रेखांशाचं. बेळगाव ७४.५ वर, हॅवलॉक ९३ वर. फरक साडेअठरा अंश, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ७४ मिनिटं. आपल्याकडे सूर्य उगवतो त्याच्या सव्वा तास आधी तिथं उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. थंडीत दिवस लहान, म्हणून जास्त जाणवलं. मुलांना नकाशा घेऊन दाखवा.

ए-१०४: म्हणून तिथं पाचला उठायचं आणि नऊला झोपायचं. पाच नंबरचा खरा फायदा तो, सूर्योदय अंथरुणातून दिसतो. स्वस्त खोलीला पडदे पातळच असतात, झोपू म्हटलं तरी झोपता येत नाही.

सी-२०१: वैनी, बाकी खोली कशी? एसी, गरम पाणी?

ए-१०४: बांबूची झोपडी, वर पत्रा, आत मच्छरदाणी. स्वच्छ होती. नळाचं पाणी मचूळ, साबणाला फेस येत नाही. दिवसातून दोन-तीनदा लाइट जायची, मग जनरेटरवर फक्त पंखा. एसीचे आठशे जादा घेतले होते ते वाया, तुम्ही घेऊ नका. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात, दिसत पण नाहीत, आठवडाभर खाजतं. खोबरेल तेल चोपडून बसायचं.

सेक्रेटरी: जनरेटरचा विषय निघालाच आहे तर, आपल्या लिफ्टच्या जनरेटरची वर्गणी ए विंगमधून अजून सात जणांची बाकी आहे.

ए-१०४: भरते काका, उद्या.

ए-१०४: जेवण मात्र रिसॉर्टात जेवू नका. तीन नंबरला, गोविंदनगरला बाजार आहे, तिथं बंगाली खानावळी आहेत. भात, डाळ, बटाट्याची भाजी, माशाचा रस्सा, हवा तेवढा भात. रिसॉर्टच्या निम्म्यात. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना तिथं जमिनी देऊन वसवलं, म्हणून गावांची नावं पण गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर. घरात बंगाली बोलतात, गिऱ्हाइकाशी हिंदी. पाटी कुठल्या भाषेत यावरून आपल्याकडच्यासारखं भांडण दिसलं नाही कुठं.

सी-२०१: मग त्यांना इकडं बोलवा चार दिवस.

सेक्रेटरी: ग्रुपवर राजकारण नको.

ए-१०४: भाजी सगळी बोटीनं येते, म्हणून महाग. माझ्या सासूबाईंना मासे चालत नाहीत. शहापूरहून कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती, तिच्यावर त्यांनी चार दिवस काढले. शेवटच्या दिवशी खानावळवाल्याला एक भाकरी दिली तर त्यानं पापड समजून तळायला घेतली!

ए-००२ आजोबा: सेल्युलर जेल बघितलं की नुसते समुद्रातच?

ए-१०४: पोर्ट ब्लेअरला उतरलो त्याच दिवशी. पाकळ्यांसारख्या सात विंगांतल्या तीनच उरल्यात. सावरकरांच्या कोठडीत मुलं पण गप्प झाली.

ए-००२ आजोबा: तात्याराव १९११ ते १९२१ तिथं होते. आणि १९५० साली आपल्या बेळगावच्या तुरुंगात. हे इथल्या पोरांना माहीत नसतं.

बी-३०२: वैनी, तिकीट बघायलालोय तर श्री विजयपुरम येतंय. पोर्ट ब्लेअर वेगळं काय?

ए-१०४: तेच ते. २०२४ ला नाव बदललं. हॅवलॉकचं २०१८ पासून स्वराज द्वीप. बेळगावचं बेळगावी झालं तसं. कागदावर नवं, तोंडात जुनं. बोटीच्या तिकिटावर कधी हे, कधी ते असतं, घाबरू नका. आपल्याला परवाना लागत नाही, पण चौघांची ओळखपत्रं जवळ ठेवा, बोटीच्या तिकिटाला लागतात.

ए-१०४: आणि आता मुख्य. मे महिना कशाला? दरवर्षी बातमी येते बघा, मान्सून अंदमानात दाखल. ती बहुतेक मे महिन्याच्या मध्याच्या आसपासच येते. आपल्या शेतकऱ्यांना ती ऐकून बरं वाटतं, बेटावर अडकलेल्याला नाही. समुद्र खवळला की बोटी रद्द. रिसॉर्टवाला तुम्हाला पैसे परत देणार नाही, विमानवाला थांबणार नाही.

बी-३०२: मुलांच्या सुट्ट्या एप्रिलच्या दहापासून आहेत. पण दसऱ्याच्या सुट्टीत गेलं तर?

ए-१०४: ऑक्टोबरात तिकडं परतीचा पाऊस, वादळं. एप्रिल बरा. उकडतं, पण समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ. अक्षय्य तृतीयेनंतर पाच दिवसांनी अष्टमी येते, ती धरून बेटावर तीन रात्री घ्या. क्रम असा ठेवा, आधी विमान, मग बोट, शेवटी खोली. आम्ही उलटं केलं. खोलीचे पैसे भरून बसलो आणि सरकारी बोट भरलेली, खासगी दुप्पट भावानं घ्यावी लागली. म्हणजे स्वस्तातली खोली तिथंच महाग पडली. परतीला बेटावरून उतरलात त्याच दिवशी विमान धरू नका, एक रात्र पोर्ट ब्लेअरला काढा.

सी-२०१: रोख किती न्यायची?

ए-१०४: जास्तच न्या. बेटावर एटीएम मोजकी, आणि नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत. २०२० साली चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकली म्हणतात, आमच्या झोपडीपर्यंत ती काही पोचली नव्हती. स्कूटरवाल्याला द्यायला पैसे नव्हते तेव्हा आमचे हे घड्याळ काढून ठेवून आले.

सी-२०१: त्यांचं ते लग्नातलं?

ए-१०४: तेच. सोडवून आणलं दुसऱ्या दिवशी.

ए-१०४: हो, अजून एक. शिंपले, पोवळं कायबी उचलून आणायचं नाही. आमच्या थोरलीनं बॅगेत मूठभर लपवलं होतं. विमानतळावर बॅग उघडायला लावली, सगळ्यांसमोर. पोवळं संरक्षित आहे, मेलेला तुकडा पण चालत नाही. पोर रडकुंडीला आली. त्या माणसानं शांतपणे तिच्या हातानं डब्यात टाकायला लावलं, ओरडला नाही.

बी-३०२: वैनी, आता फोन केला होता रिसॉर्टला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ओहोटी किती वाजता विचारलं. म्हणाला, सर, हमारे यहाँ ओहोटी नहीं होती.

ए-१०४: दुसरं बघा.

बी-३०२: शेजारच्या एकाला केला. त्यानं लगेच चार दिवसांच्या वेळा लिहून पाठवल्या. ३,१०० म्हणतोय, बिन एसीचं. बोटीचं तिकीट मिळालं की याचंच घेतो. आजोबा, वेळा पाठवतो तुम्हाला, एकदा नजर टाका.

ए-००२ आजोबा: पाठव. चष्मा वर राहिलाय, नातवाला हाक मारतो.