मदत हवी आहे: यूएसबीवर नीट चालणारं ओलाव्याचं मीटर सेलवर लावलं की रीस्टार्ट होतंय

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. पाणी सोडायचं की नाही हे बाबा अजून हातानेच ठरवतात. ठिबकच्या नळीजवळ खुरप्याने वीतभर खणायचं, माती मुठीत दाबायची, गोळा झाला तर आज पाणी नको. पण काळ्या जमिनीत वर भेगा आणि खाली गारा असं बऱ्याचदा असतं, आणि पंपाला रात्रीची लाईट असली की अंधारात बागभर खणत फिरणं आता त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. म्हणून हातात धरून फिरता येईल असं मीटर त्यांच्यासाठी बनवतोय.

जोडणी: ३० पिनांचा ईएसपी३२ डेव्हकिट (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), कपॅसिटिव्ह सॉइल सेन्सर (व्हर्जन १.२), ०.९६ इंची ओलेड स्क्रीन, एक १८६५० लिथियम सेल आणि प्रोटेक्शनवालं टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल. मॉड्यूलच्या आउटपुटमधून स्लाइड स्विच, तिथून थेट डेव्हकिटच्या व्हीइन पिनला. सेन्सरचा सिग्नल बोर्डच्या जीपीआयओ २५ या पिनवर. बोर्ड स्वतःचं वायफाय चालू करतो आणि ओळीनुसार रीडिंग फोनवर जातं.

यूएसबीवर बोर्ड दिवसभर चालतो, एकदाही बंद पडत नाही. सेलवर लावला की ओलेड उजळतो, वायफाय चालू व्हायची वेळ आली की काळा पडतो आणि परत पहिल्यापासून सुरू. मल्टीमीटरवर सेल ३.९ व्होल्ट दाखवतो, ३.३ च्या पिनवर मात्र २.९ च्या आसपास. तिथे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर सेल पूर्ण भरलेला असताना चालतं, थोडा उतरला की पुन्हा तेच.

शिवाय वायफाय चालू असताना सेन्सरचं रीडिंग वेडंवाकडं येतं, आणि हे यूएसबीवरही होतं. दोन्हींचं मूळ एकच आहे का? ब्राउनआउट डिटेक्टर (व्होल्टेज फार पडलं की चिप रीसेट करणारी सोय) कोडमधून बंद करा असं एकाने सुचवलंय. करावं का?

प्रतिसाद १

दोन वेगळे आजार आहेत. आधी रीस्टार्टचं बघू.

डेव्हकिटवरचा रेग्युलेटर (व्हीइनचं व्होल्टेज ३.३ वर आणणारी चिप) बहुतेक एएमएस१११७ असणार. त्याला आउटपुटपेक्षा साधारण १.१ व्होल्ट जास्त इनपुट लागतं, म्हणजे ३.३ मिळायला ४.४ हवेत. लिथियम सेल पूर्ण भरला तरी ४.२ च. तुमचे २.९ तिथूनच आले. त्यात वायफाय सुरू होताना करंट क्षणभर कित्येकशे मिलिअँपिअरपर्यंत उसळतो आणि व्होल्टेज आणखी बसतं. ही घसरण इतकी क्षणिक असते की मल्टीमीटर ती पकडत नाही. खात्री करायची तर ईएसपीच्या लायब्ररीत रीसेटचं कारण सांगणारं फंक्शन आहे, त्याचं उत्तर ओलेडवर छापा. ब्राउनआउट दिसेल.

डिटेक्टर अजिबात बंद करू नका. व्होल्टेज तेवढंच पडणार, फक्त रीसेट होण्याऐवजी चिप भलतंच काहीतरी करेल, आणि त्याच वेळी फ्लॅश मेमरीवर लिहिणं चालू असेल तर साठवलेलं बिघडेल.

उपाय: एपी२११२के-३.३ सारखा कमी ड्रॉपआउटचा (इनपुट आउटपुटपेक्षा थोडंच जास्त असलं तरी चालणारा) रेग्युलेटर घ्या. तो ६०० मिलिअँपिअर देतो. सेल स्विचमधून त्याच्या इनपुटला, आउटपुट सरळ डेव्हकिटच्या ३.३ च्या पिनला, व्हीइन मोकळी. एचटी७३३३ सहज मिळतो, पण तो २५० मिलिअँपिअरचा, इथे पुरणार नाही. आणि रेग्युलेटरशिवाय सेल ३.३ च्या पिनला कधीही लावू नका. ईएसपी३२ ची कमाल मर्यादा ३.६ व्होल्ट आहे, भरलेला सेल त्याला जाळेल. प्रोग्राम टाकताना स्विच बंद ठेवा, यूएसबी आणि सेल एकाच वेळी नकोत.

प्रतिसाद २

रीडिंगचं कारण जीपीआयओ २५. ती पिन एडीसी २ वर आहे (एडीसी म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज मोजून आकडा देणारा चिपमधला भाग, असे दोन आहेत) आणि वायफाय चालू असताना एडीसी २ वायफायचा ड्रायव्हर वापरतो. सिग्नल ३२ ते ३९ पैकी एका पिनवर न्या, त्या एडीसी १ वर आहेत. ३४ चालेल.

सेन्सरवरच्या टायमर चिपचा नंबरही भिंगाने वाचा. टीएलसी५५५ असेल तर ठीक. स्वस्त मालात एनई५५५ येते, तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात, ३.३ वर तिचा भरवसा नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! रीसेटचं कारण छापलं, ब्राउनआउटच निघालं. एपी२११२के नाशिकला मिळाला नाही म्हणून मागवला. इवलीशी पाच पायांची चिप, ॲडॉप्टर पट्टीवर डाग दिला. आता सेल ३.६ वर आला तरी वायफाय टिकतं. सिग्नल ३४ वर नेल्यावर रीडिंगही स्थिर. टायमर टीएलसी५५५ च आहे.

एक राहिलं. सेन्सर ओल्या मातीत सारखा खुपसायचा आहे, तर पाणी आत जाऊ नये म्हणून काय करता?

प्रतिसाद २

सेन्सरच्या पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात, पाणी तिथून शिरतं. नेलपॉलिशचे दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. वरच्या चिपच्या भागावर इपॉक्सी लावून हीटश्रिंक (तापवलं की आवळणारी नळी) चढवा. खुपसताना पांढऱ्या रेषेच्या वर माती जाऊ देऊ नका. आणि कोरड्या-ओल्याचे आकडे हे सगळं झाल्यावरच तुमच्या बागेतल्या मातीत घ्या, कारण लेप दिला की रीडिंग थोडं सरकतं.