जपानला काइगोच्या (म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याच्या) कामावर जातेय, रोजचं बोलणं कसं जमेल?

हर्णैची पोर

नमस्कार. मी दापोली तालुक्यातली, हर्णैजवळची. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर पुण्यात राहून जपानी शिकले. जेएफटी-बेसिक ही जपानी भाषेची परीक्षा आणि काइगोच्या दोन्ही परीक्षा पास झाले. तोकुतेई गिनो (ठरावीक कौशल्याच्या कामगारांच्या) व्हिसावर शिकोकू बेटावरच्या एहिमे प्रांतात, समुद्राकाठच्या एका छोट्या गावातल्या वृद्धाश्रमात काम मिळालंय. एप्रिलमध्ये रुजू व्हायचंय.

वर्गात सगळं समजायचं. परवा तिथल्या लोकांशी व्हिडिओवर बोलणं झालं तर निम्मं कळलंच नाही. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. दुकानात, दवाखान्यात, कामावर आजी-आजोबांशी मी बोलणार कशी? कोणी जाऊन आलेलं असेल तर खरं काय ते सांगा.

परुळ्याची ताई

अभिनंदन गो! मी वेंगुर्ला तालुक्यातली. तुझ्या एहिमेला लागूनच कागावा आहे, तिथे हेच काम करून आता गावी परतलेय. सविस्तर लिहिते, कारण मी निघाले तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं.

निम्मं कळलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नको. पुस्तकात वाक्याच्या शेवटी अदबीचं देसु-मासु असतं, शिकोकूतले म्हातारे तसं बोलत नाहीत. 'कारा'च्या (म्हणजे 'म्हणून'च्या) जागी 'केन' म्हणतात, शब्दांची टोकं गिळतात, कित्येकांच्या तोंडात दात नसतात. पुण्याहून आलेल्या माणसाला आमच्या आजीची मालवणी पहिल्या दिवशी कळते का? हे तसंच आहे. एक मात्र आत्ताच वहीत लिहून ठेव. आजी 'एराई' म्हणाली तर तिला थकवा आलाय, त्रास होतोय. पुस्तकातला अर्थ वेगळा आहे. असं ऐकलंस की लगेच नर्सला सांगायचं.

सगळ्यात कळकळीने सांगते ते हे: न कळता 'हाइ' (हो) म्हणून मान हलवायची नाही. पाळी बदलताना जाणारी माणसं येणाऱ्यांना प्रत्येकाची हकिगत सांगतात, त्याला मोशिओकुरी म्हणतात. ते भराभर बोलतात. रात्री कोणाला ताप होता, कोण जेवलं नाही, कोणाची लघवी कमी झाली, सगळं त्यात असतं. गिळताना ठसका लागणाऱ्यांच्या चहात, पाण्यात पूड घालून ते दाट करतात. ती तोरोमी. किती दाट ते माणसागणिक ठरलेलं असतं आणि तिथे चुकलं तर पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून सरळ 'मो इचिदो ओनेगाई शिमासु' (कृपया पुन्हा एकदा) म्हणायचं, आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायचं. पहिले काही आठवडे सगळे तुझ्यासाठी थांबतील. वर्षभर मान हलवलीस तर नंतर विचारणं फार अवघड होतं.

वाक्य मनात जुळवताना इंग्रजीतून जाऊ नको, मराठीतून जा. 'मी बाजारात मासे घेते', 'वाताशी वा इचिबा दे साकाना ओ काइमासु'. क्रम तोच, क्रियापद शेवटी, आपले प्रत्यय जिथे लागतात तिथेच त्यांचे वा, दे, ओ. हिरागाना या त्यांच्या मूळ लिपीचा क्रमही अ, इ, उ, ए, ओ, मग का, कि, कु, के, को असा आपल्या बाराखडीच्या जवळचा आहे. 'त्सु' म्हणताना बाकीच्या देशांतल्या मुली अडखळत होत्या, आपल्याकडे चमच्यातला च आहे.

आणि खोलीत बसून राहू नको. सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर मराठी मालिका बघत पडून राहणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यांचं जपानी जिथे होतं तिथेच राहिलं. शहराच्या कार्यालयात विचार. बऱ्याच ठिकाणी आंतरराष्ट्रीय मैत्री मंडळं असतात, तिथे स्वयंसेवक फुकट किंवा अगदी थोड्या पैशात भाषा शिकवतात. माझ्या वर्गात शिकवणाऱ्या निवृत्त बाई मला मासळीच्या दुकानात घेऊन जायच्या. बांगड्याच्या जातीचा साबा, तारलीसारखा इवाशी, माकुलाला इका, कोळंबीला एबी. कागावात उदोनचं (जाड शेवयांचं) पाणी इरिकोचं करतात, म्हणजे उकडून सुकवलेली बारीक मासळी. दुकानाचं दार उघडलं की तो वास यायचा आणि मला आमच्या वाडीतली सुकत घातलेली मासळी आठवायची. तिथेच उभी राहून मी भाव विचारायला शिकले.

आजी-आजोबांना त्यांच्या तरुणपणाबद्दल विचार. तीच गोष्ट ते रोज सांगतात, रोज तेच शब्द येतात. यापेक्षा चांगला सराव मला कुठे मिळाला नाही. ज्यांना मी आंघोळ घालत होते त्याच आजींनी माझे उच्चार सुधारले. माझं जपानी हे त्यांचं देणं आहे.

मिरकरवाडा

ताईंनी भाषेचं सांगितलं, मी कामाचं सांगतो. विमानतळावर मिळणारं झाइर्यू कार्ड (राहण्याच्या परवान्याचं ओळखपत्र) कायम जवळ ठेवायचं. राहायचा पत्ता ठरला की १४ दिवसांच्या आत शहर किंवा गाव कार्यालयात नोंद करायची. आरोग्य विमा असला की दवाखान्यात साधारण ३० टक्के खर्च आपला. जळणारा कचरा, प्लास्टिक, बाटल्या, डबे यांचे वार वेगळे असतात. तक्ता पहिल्याच दिवशी मागून भिंतीला लाव. शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात ते बहुतेक यावरूनच.

भूकंपाचं हलक्यात घेऊ नको. शिकोकूच्या दक्षिणेला समुद्रात नानकाई खोरं आहे, मोठ्या भूकंपाची जागा. जोराचा धक्का बसला की त्सुनामीच्या सूचनेची वाट न बघता उंचावर जायचं. खोलीपासून ताकादाई, म्हणजे उंच जागा, कुठे आहे ते एकदा चालून बघ. बऱ्याच गावांत संध्याकाळी भोंग्यावर गाणं वाजतं, इशारेही त्याच भोंग्यावरून देतात. रुग्णवाहिका ११९, पोलीस ११०.

हर्णैची पोर

दोघांचे खूप आभार. आईला वाचून दाखवलं. तिचे दोन प्रश्न आहेत: गणपतीला येता येईल का, आणि सोबत आंबे देऊ का?

परुळ्याची ताई

आईला नमस्कार सांग. आंबे अजिबात नको, विमानतळावर काढून घेतील. बाष्पाची प्रक्रिया आणि प्रमाणपत्र असल्याशिवाय आपला हापूस जपानात जात नाही. मटणाचंही काही नको. मसाला आणि हळद दुकानातली सीलबंद पाकिटं असू देत.

गणपतीचं खरं ते सांगते. कायद्याने भरपगारी रजा सहा महिने काम झाल्यावर मिळते, १० दिवस. एप्रिलला लागलीस तर ती ऑक्टोबरपासून. म्हणजे पहिली चतुर्थी तिकडेच. पुढच्या वर्षासाठी मात्र पाळ्या लागण्याच्या खूप आधी, उन्हाळ्यातच मुख्य बाईंशी बोल. ऑगस्टमध्ये ओबोनला (पूर्वजांच्या सणाला) त्यांची माणसं गावी जातात, त्या दिवसांत तू काम करते म्हण आणि चतुर्थीला रजा माग. मला अशीच मिळायची.

आणखी एक. या व्हिसावर पाच वर्षं राहता येतं, पण तीन वर्षं कामाचा अनुभव आणि त्यासाठी ठरलेलं प्रशिक्षण झालं की काइगो फुकुशिशीच्या (प्रमाणित काळजीवाहकाच्या) राष्ट्रीय परीक्षेला बसता येतं. ती पास झालीस तर पुढेही राहता येतं आणि नवरा-मुलांनाही नेता येतं. पेपर जपानीतच असतो, त्यामुळे कांजी (चिनी चित्राक्षरं) पहिल्या वर्षापासूनच धर. माझ्याकडे जुन्या वह्या आहेत. वेंगुर्ल्याला कोणी येणार असेल तर पाठवून दे, देईन.