विषय: शनिवारी सकाळी पाहुण्यांना चालत काय दाखवायचं?

प्रेषक: मेधा
मंडळी,
पाहुणे शुक्रवारी रात्री उतरतायत. हॉटेल तेच मागच्या वेळचं, लंडनच्या रसेल स्क्वेअरला लागून. नाटकाचा प्रयोग संध्याकाळी आहे, म्हणजे नऊ ते एक वेळ मोकळा. चौदा जण आहेत. आप्पांचा गुडघा आणि माईंची व्हीलचेअर धरून सुचवा. बस ठरवायची नाही, मागच्या बसचा हिशोब अजून मिटलेला नाही. माझ्या मनात गॉर्डन स्क्वेअर, टॅव्हिस्टॉक स्क्वेअर आणि दहा वाजता उघडलं की ब्रिटिश म्युझियम असं आहे. आज रात्रीपर्यंत कळवा, त्यांना पुढे पाठवायचंय.

प्रेषक: सुहास
मेधाताई, यादीत किंग हेन्रीज रोड नाही हे बघून वाईट वाटलं. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये जिथे राहिले ते १० नंबरचं घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. महाराष्ट्रातून आलेल्या नाटकवाल्यांना ते न दाखवता परत पाठवायचं? मी स्वतः रसेल स्क्वेअरवरून तिथे चालत गेलोय, वाटेत रीजंट्स पार्क लागतं, सुंदर रस्ता आहे.

प्रेषक: अविनाश
सुहास, अंतर चार किलोमीटरच्या आसपास आहे आणि तेवढंच परत. तू चाळीशीचा आहेस. आप्पा एकोणऐंशीचे. माईंची खुर्ची चार किलोमीटर कोण ढकलणार, आणि संध्याकाळी प्रयोगाला आप्पा उभे कसे राहणार? मागच्या सहलीला 'जवळच आहे' म्हणत किती चालवलं ते सगळ्यांना आठवत असेल. 'चालत जाण्याजोगं' म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याला जमेल तेवढं, हे एकदा ठरवून टाकू या.

प्रेषक: सुहास
चॉक फार्म स्टेशनवरून ते घर पाच-सात मिनिटांवर आहे. ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने जाऊ.

प्रेषक: अविनाश
आणि ट्यूबला उतरायचं कसं? रसेल स्क्वेअर स्टेशनचा जिना १७५ पायऱ्यांचा आहे, तशी पाटीच लावलेली आहे. लिफ्ट आहे, पण लिफ्ट ते फलाट यामध्येही पायऱ्या आहेत, व्हीलचेअर जात नाही. आपल्यापैकी जे बाहेरून येणार त्यांनाही हेच सांगतो: गुडघे दुखत असतील तर किंग्ज क्रॉसला उतरा, तिथे लिफ्टने थेट वर येता येतं, आणि पुढे बस घ्या. बसला खुर्चीसाठी फळी असते.

प्रेषक: नीलिमा
बाबासाहेबांसाठी इतकं लांब जायची गरज नाही. त्यांचं लंडन या हॉटेलच्या आसपासच आहे. ते वाचत बसायचे ते ब्रिटिश म्युझियमच्या गोल घुमटाखाली, तेव्हा ग्रंथालय तिथेच होतं. म्युझियमचं मागचं दार, मॉन्टाग्यू प्लेसचं, हॉटेलपासून पाच मिनिटांवर आहे. बॅरिस्टर झाले ते ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतून, तेही वीस मिनिटांच्या आत. आणि 'रुपयाचा प्रश्न' या प्रबंधावर १९२३ साली डी.एससी. मिळाली ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची.

प्रेषक: प्रमोदकाका
ग्रेज इनची बाग लोकांना सोमवार ते शुक्रवार दुपारच्या सुट्टीतच उघडी असते. शनिवारी जाऊन फाटक बघायचं का? मी तीस वर्षं त्या भागात नोकरी केली, डबा त्याच बागेत खात होतो. फ्रान्सिस बेकनने आखलेली बाग आहे ती. पाहुणे शुक्रवारी दुपारी आले असते तर मीच नेलं असतं.
टिळकांचं घर कुणाला आठवत नाही याचंही नवल वाटतं. मेडा व्हेलला १० हाउली प्लेस, ते १९१८-१९ मध्ये तिथे राहिले, थोरांच्या घरांना लावतात ती निळी पाटी आहे.

प्रेषक: मेधा
काका, मेडा व्हेल चालत नाही हो. कृपा करून हॉटेलच्या जवळचंच सांगा. बसायची सोय कुठे आहे तेही हवंय. मुलांचं खेळायचं मैदान आहे ते, कोरम्स फील्ड्स, चालेल का?

प्रेषक: श्रुती
नाही चालणार. तिथे मोठ्या माणसांना लहान मूल बरोबर असल्याशिवाय आत सोडत नाहीत, फाटकावरच लिहिलंय. मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि मला तो नियम मनापासून पटतो. शेजारी ब्रन्सविक स्क्वेअरची बाग आहे, तिथे बाकं आहेत.

प्रेषक: वैदेही
ब्रन्सविक स्क्वेअरला बसणार असाल तर एक विनंती. तिथून दोन मिनिटांवर हंटर स्ट्रीट आणि हँडल स्ट्रीटचा कोपरा आहे. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन इथे होतं. डॉ. रखमाबाई १८८९ मध्ये मुंबईहून निघाल्या त्या इथे शिकायला. त्याआधी कोर्टाने सांगितलं होतं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, आणि त्यांनी तुरुंग पत्करते असं सांगितलं होतं. मी या शहरात आल्यावर पहिलं वर्षभर त्या कोपऱ्यावरून रोज कामाला जात होते आणि मला हे माहीतच नव्हतं. कळल्या दिवशी फुटपाथवर बराच वेळ उभी राहिले. नाटकात आपल्या चार मुली आहेत, त्यांना तरी ही जागा दाखवू या.

प्रेषक: प्रमोदकाका
आत्ताची इमारत रखमाबाई परत गेल्यावर बांधलेली आहे. आता तिथे आरोग्य केंद्र आहे. पाहुण्यांना चुकीचं सांगू नका.

प्रेषक: वैदेही
काका, बरोबर आहे, तसंच सांगेन. इमारत नवी, जागा तीच. पण त्या ज्या रस्त्यांवरून चालल्या ते रस्ते आहेत ना.

प्रेषक: नीलिमा
वैदेही, मग गॉर्डन स्क्वेअरला नूर इनायत खान यांचा पुतळा २०१२ पासून आहे, तोही मुलींना नीट दाखव. टिपू सुलतानाच्या वंशातली ही मुलगी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची हेर म्हणून वायरलेस घेऊन जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये शिरली आणि १९४४ मध्ये डाखाऊच्या नाझी छळछावणीत मारली गेली. तिचं घर बागेच्या कोपऱ्यावरच, ४ टॅव्हिटन स्ट्रीट, तिथेही निळी पाटी आहे. बागेत टागोरांचाही पुतळा आहे. टॅव्हिस्टॉकला बसलेले गांधीजी, १९६८ चे. त्यांच्या चौथऱ्यात फुलं ठेवायला पोकळी आहे, म्हणून फुलं आधी घेऊन ठेवा. तिथेच हिरोशिमाच्या स्मरणार्थ लावलेलं चेरीचं झाड आहे.

प्रेषक: सुहास
ठीक आहे, शनिवारी नको. पण रविवारी विमान दुपारी चारचं आहे. ज्यांना यायचंय त्यांना मी सकाळी माझ्या गाडीने किंग हेन्रीज रोडला नेतो, दोन फेऱ्या करेन. माई पहिल्या फेरीत.

प्रेषक: मेधा
सुहास, खूप आभार. घर रविवारी किती वाजता उघडतं ते उद्याच फोन करून विचार, मगच पाहुण्यांना सांगते.
शनिवार असा: नऊला हॉटेलच्या दारात, गॉर्डन, टॅव्हिस्टॉक, वैदेहीचा कोपरा, ब्रन्सविकच्या बाकांवर अर्धा तास, मग म्युझियम. स्वच्छतागृह तिथेच मिळेल, त्यामुळे निघताना सगळ्यांना हॉटेलात जाऊन यायला सांगा. खुर्ची ढकलायला दोघं हवेत. अविनाश एक, दुसरं कोण?

प्रेषक: श्रुती
मी येते. फुलंही मीच आणते.