परदेशी विद्यार्थ्यांना संघटना कशाला? – कालच्या पोस्टला उत्तर

पामबीच_१५ (धागाकर्ती)

काल इथे एका सभासदांनी लिहिलं, "परदेशी मुलांना वेगळी संघटना कशाला हवी? विद्यापीठ त्यांच्यासाठी दरवर्षी कार्यक्रम करतं, जेवण देतं. शिकायला आलेत, शिकावं आणि जावं." खाली भराभर अंगठे पडले. मला राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

मी नवी मुंबईतल्या एका खासगी विद्यापीठात शिकवते. तो 'कार्यक्रम' मी जवळून बघते. मुलांना आपापल्या देशाचे कपडे घालून यायला सांगतात, हातात झेंडे देतात, कुलगुरूंबरोबर फोटो काढतात आणि तोच फोटो पुढच्या माहितीपत्रकावर येतो. यंदा त्याच आठवड्यात टांझानियाची एक मुलगी बोनाफाईडसाठी (इथली विद्यार्थिनी असल्याच्या दाखल्यासाठी) ऑफिसच्या खिडकीशी उभी होती. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या स्टुडंट व्हिसावर आलेल्यांना १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन असला तरी बोनाफाईड आणि पत्त्याचा पुरावा जोडावाच लागतो. सही करणारे साहेब रजेवर. "सोमवारी या." मुदत टळली तर भोगायचं तिने, साहेबांचं काय जातं? तिच्या वतीने कुलसचिवांकडे जाऊन "आज सही हवी" म्हणणारं तिथे कोणीच नव्हतं.

पुण्याच्या सिम्बायोसिस या शिक्षणसंस्थेची गोष्ट आपण सगळे सांगतो. फर्ग्युसनच्या वसतिगृहात मॉरिशसच्या मुलाला कावीळ झाली होती, एक मुलगी खिडकीतून त्याला जेवण देत होती, ते तिथल्या मुजुमदार सरांनी पाहिलं आणि १९७१ मध्ये संस्था उभी राहिली. सरांच्या नजरेला पडलं म्हणून ठीक. नजरेला न पडणाऱ्यांचं काय?

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलांनी स्वतः निवडलेली समिती हवी, वसतिगृह आणि फी ठरते तिथे तिला खुर्ची हवी, आणि तिच्यात इथली मुलंही हवीत.

हिशेबनीस

ताई, भावना कळल्या. पण आपल्या पोरांना कुठे आवाज आहे? महाराष्ट्राच्या १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या थेट विद्यार्थी निवडणुका गेल्या. २०१६ च्या कायद्यात परत आल्या त्या कागदावर. माझा मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला, त्याने मतपेटी पाहिली नाही. आणि परदेशी मुलांसाठी यूजीसीने २५ टक्के जागा दिल्यात. त्यांना जागाही द्या आणि खुर्चीही?

पामबीच_१५

त्या २५ टक्के जागा मंजूर संख्येच्या वरच्या आहेत. तुमच्या मुलाची एकही जागा त्यात गेलेली नाही. निवडणुकांचं बोललात ते खरं आहे. पण आपल्याला मिळालं नाही म्हणून त्यांनाही नको, हा कुठला न्याय? दोघांनी मिळून मागा ना!

लातूर_ते_खारघर

समिती राहू द्या, आधी घराचं बोला. मी याच महाराष्ट्रातला, मातृभाषा मराठी, तरी खारघरमध्ये तीन सोसायट्यांनी 'बॅचलर नको' म्हणून परत पाठवलं. चौथीत दलालाने एक महिन्याचं भाडं दलाली घेतली आणि वर सोसायटीच्या 'एनओसीचे' (ना-हरकत पत्राचे) पैसे वेगळे. शेवटी मी आणि दोन नेपाळी मुलं एका वन बीएचकेत राहिलो. घरमालकाला फॉर्म सी काय ते माहीतच नव्हतं. परदेशी माणूस राहायला आला की घर देणाऱ्याने २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची असते, त्याचा हा फॉर्म. मीच लॉगिन काढून दिलं. पासपोर्ट, व्हिसा, फोटो सगळं मोबाईलवरून चढवलं.

सेक्टर२०_सेक्रेटरी

दलालाचं पाप सोसायटीच्या माथी मारू नका. ही भाड्याची मुलं रात्री दोनला गाणी लावतात तेव्हा खालचे आजोबा मला फोन करतात, विद्यापीठाला नाही. पोलीस आले की सही माझी. खारघरमध्ये ड्रग्जच्या केसमध्ये परदेशी लोक पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचत नाही का? एनओसी देणं न देणं हा सोसायटीचा हक्क आहे.

हिशेबनीस

हक्क नाही, साहेब. गृहनिर्माण सोसायट्यांच्या नियमावलीतला आदर्श उपविधी ४३ उघडा. फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, २००१ पासूनचा आदेश आहे. माझ्या वाशीच्या फ्लॅटवर आमच्या कमिटीने मनाला येईल तो आकडा लावला होता. सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे अर्ज केल्यावर उतरला.

सेक्टर२०_सेक्रेटरी

कायदा मला शिकवू नका. पदरचा वेळ घालून बिनपगारी काम करतो. तुम्हीच कमिटीवर येऊन बघा, मग कळेल.

लातूर_ते_खारघर

बिनपगारी असलात म्हणून माझ्याकडून पैसे उकळायचे? पावती तरी दिली होती का कोणी?

हिशेबनीस

पावती नसेल तर लेखी तक्रार करा. मसुदा मी देतो.

पामबीच_१५

धागा परदेशी मुलांचा होता, बिनभोगवटा शुल्कावर गेला! असो, पण सेक्रेटरींच्या ड्रग्जच्या मुद्द्याला उत्तर देते. गुन्हेगाराला पोलीस पकडोत, माझी ना नाही. पण ज्याची माहिती घरमालकाने सरकारला कळवलेली आहे, ज्याचं नाव विद्यापीठाने कळवलेलं आहे, त्याच्याइतका नोंदीतला भाडेकरू तुमच्या सोसायटीत दुसरा कोण आहे? १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचा १९४६ चा कायदा जाऊन नवा आला, तरी कळवण्याची जबाबदारी घर देणाऱ्यावर आणि संस्थेवर आहेच. आणि सरसकट संशयाचं काय होतं ते ग्रेटर नोएडात मार्च २०१७ मध्ये दिसलं. एका मुलाच्या मृत्यूनंतर जमावाने मॉलमध्ये शिरून नायजेरियन विद्यार्थ्यांना मारलं. तेव्हा आफ्रिकी विद्यार्थ्यांची संघटना होती म्हणून त्यांची बाजू देशापुढे आली.

यारा_काठचा

मी २००९ मध्ये मेलबर्नला शिकत होतो. आमच्यातल्या मुलांना रात्रीच्या ट्रेनमध्ये मारहाण व्हायची आणि आम्हाला सल्ला मिळायचा, लॅपटॉप दाखवू नका, मोठ्याने बोलू नका. ३१ मेला भारतीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने मोर्चा काढला. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोर आम्ही रस्त्यात बसलो. ठाण्याहून बाबांचा फोन, "शिकायला गेलायस, घरी जा." कालच्या पोस्टमधलं वाक्य तेच आहे. आम्ही उठलो नाही, म्हणून सरकारने दखल घेतली. आज तिथे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय लोकपाल आहे, १ फेब्रुवारी २०२५ पासून. आपली मुलं तिकडे असतात तेव्हा आपल्याला सगळे हक्क हवे असतात. नेरूळमध्ये आलेल्या मुलाने मात्र गप्प बसायचं?

सेक्टर२०_सेक्रेटरी

माझी पुतणी ॲडलेडला आहे, त्यामुळे हे लागलं. पण फरक आहे. तिकडे मुलं पंधरवड्याला ४८ तास काम करतात, स्वतःचं भाडं भरतात. इथे स्टुडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही. घरून पैसे आले नाहीत की भाडं थकतं, मग मालक माझ्याकडे येतो.

पामबीच_१५

अगदी हाच मुद्दा संघटनेचा आहे. भाडं थकलं तर मालकाने कोणाला फोन करायचा? आज तो तुम्हाला करतो. समिती असेल तर तिला करेल, आणि ती विद्यापीठाकडून मुलासाठी मुदत मागेल. आणि मुलं वाढणारच आहेत. जून २०२५ मध्ये ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची आयईडी या परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं दिली, नवी मुंबई विमानतळाजवळ एज्युसिटी, म्हणजे विद्यापीठांची वसाहत, होणार म्हणून. तिथली मुलंही खारघर-उलव्यातच घरं शोधणार आहेत.

सेक्टर२०_सेक्रेटरी

विद्यापीठाने लेखी दिलं, कोणाला फोन करायचा त्याचं नाव आणि नंबर दिला, तर आमच्या कमिटीपुढे ठेवेन. मंजूर होईलच असं नाही. आणि रात्री दहानंतर गाणी चालणार नाहीत.

लातूर_ते_खारघर

दहाचा नियम मान्य. एनओसीच्या पैशांचं मात्र अजून कोणी बोललेलं नाही. हिशेबनीस काका, मसुदा पाठवा.