मदत हवी आहे: सेसना १७२एनचे व्हॅक्यूमवरचे जायरो बदलायचे आहेत, भरवसा कशावर ठेवावा?

त्रिकूट१७२

नमस्कार मंडळी. तिघांच्या मालकीचं १९७९ चं सेसना १७२एन आहे, २८ व्होल्टचं. आम्ही पुण्यात, विमान बारामतीला. जायरो (आत वेगाने फिरणारं चाक असलेली उपकरणं) ज्याच्या हवेच्या ओढीवर चालतात, तो व्हॅक्यूम पंप बंद पडलाय. त्याआधी महिनाभर होरायझन (विमानाचा झुकाव दाखवणारा जायरो) सरळ व्हायला आठ-नऊ मिनिटं लागत होती आणि डीजी (दिशा दाखवणारा जायरो) पाव तासात १० अंश सरकत होता. ऑटोपायलट सेसनाचा जुना ३००ए.

आता तीन वाटा दिसतात. नवा पंप बसवून दोन्ही जायरो ओव्हरहॉलला (पूर्ण उघडून दुरुस्तीला) पाठवायचे. किंवा अमेरिकेतल्या विक्रेत्याकडून वापरलेले जायरो घ्यायचे, 'यलो टॅग (वापरण्याजोगं असल्याची चिठ्ठी) आहे' म्हणतो आणि किंमत निम्मी. किंवा व्हॅक्यूमच काढून दोन गार्मिन जी५ (विजेवरची डिजिटल उपकरणं) बसवायचे. जोडीला अल्टिमीटर (उंची दाखवणारा) आणि एअरस्पीड इंडिकेटरही (वेग दाखवणारा) त्याच विक्रेत्याकडून घ्यावेत का? उड्डाण दिवसाचंच, पण पावसाळ्याच्या सुरुवातीला घाटाकडे ढग कधी खाली येतील सांगता येत नाही, म्हणून होरायझनवर पूर्ण विसंबता यायला हवं.

भिंगरी

जायरोंना दोष द्यायच्या आधी थांबा. होरायझन आणि डीजी दोन्ही एकाच वेळी सुस्त झाले, आणि दोघांना हवा एकाच वाटेने मिळते. म्हणजे संशय आधी हवेवर. १७२एनच्या सक्शन गेजचा (पंपाची ओढ दाखवणाऱ्या मापकाचा) हिरवा पट्टा ४.५ ते ५.४ इंच पारा. काटा खाली होता की पट्ट्यात, ते आठवून सांगा. पट्ट्यात असला तरी मध्यवर्ती फिल्टर तुंबलेला असू शकतो, गेजची दुसरी बाजू कुठे जोडली आहे त्यावर ते अवलंबून आहे. बारामतीच्या धुळीत हा फिल्टर ५०० तासांची वाट बघत ठेवू नये, दर वार्षिक तपासणीला बदलावा. रेग्युलेटरवरचा (ओढ ठरावीक ठेवणाऱ्या झडपेवरचा) फोमचा छोटा फिल्टर १०० तासांना. दोन्ही स्वस्त आहेत.

आता पंप. ड्राय (तेलाशिवाय चालणाऱ्या) पंपाच्या आत कार्बनचा रोटर आणि कार्बनच्याच पात्या असतात, वंगण त्या कार्बनच्या भुकटीचंच. त्यामुळे पंप हळूहळू कमजोर होत नाही, एकदम फुटतो. नवा पंपही थोड्याच तासांत जातो तेव्हा कारण बहुतेक वेळा तीनांपैकी एक असतं. पहिलं, जुन्या पंपाचे कार्बनचे तुकडे नळीत राहिले. पंप अडकताना ते उलटे नळीत ओढले जातात आणि नव्या पंपाच्या तोंडाशी येतात. दुसरं, इंजिनाच्या ड्राइव्ह पॅडचं (पंप बसतो त्या जागेचं) ऑइल सील गळतंय आणि तेल आत शिरतंय. तिसरं, जुन्या रबरी नळीचं आतलं अस्तर सुटतंय. बाहेरून ती नवी दिसते, आतून पापुद्रे.

म्हणून पंप ते रेग्युलेटर नळ्या सरळ नव्या घ्या. बाकीच्या साफ करताना जायरो आधी सोडवा आणि दाबाची हवा जायरोच्या बाजूला कधीही मारू नका, बेअरिंग तिथेच संपतात. फिटिंगला टेफ्लॉन टेप नको, त्याचा धागा आत जातो. पंपाच्या मॉडेलमधली सीसी किंवा सीडब्ल्यू ही अक्षरं फिरण्याची दिशा सांगतात, जुन्या पंपावरची बघूनच मागवा. कपलिंगला ६ वर्षांची मुदत असते, म्हणून बॉक्सवरची तारीखही बघा.

हे झाल्यावर ५ इंचांवर जायरो पुन्हा तपासा. होरायझन ५ मिनिटांत सरळ उभा राहायला हवा. डीजीचं सरकणं १५ मिनिटांत ३ अंशांपर्यंत चालतं. यातला थोडा भाग पृथ्वीच्या फिरण्याचाच असतो: पुण्याच्या अक्षांशावर, साधारण १८.५ अंशांवर, तासाला सुमारे ४.८ अंश, म्हणजे पाव तासात सव्वा अंश. ३ अंशांहून बरंच जास्त सरकलं तर बेअरिंग गेलं समजा.

कागदबघा

वापरलेल्या जायरोबद्दल. 'यलो टॅग' या शब्दाला किंमत नाही, किंमत एफएए ८१३०-३ किंवा ईएएसए फॉर्म १ ला (अमेरिकी आणि युरोपीय विमान नियामकांच्या प्रमाणपत्रांना) आहे. फोटो आधी मागवा. रकाना ८ मधला पार्ट नंबर आणि रकाना १० मधला सिरियल नंबर उपकरणाच्या डेटा प्लेटशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. शेवटी डॅश असेल तर तोही, कारण पॅनेलच्या झुकावाप्रमाणे किंवा लाइटच्या व्होल्टेजप्रमाणे तेवढाच आकडा बदलतो. तुमचं विमान २८ व्होल्टचं, त्यात १४ व्होल्टचा दिवा लगेच जळेल.

मग रकाना ११. तिथे 'ओव्हरहॉल्ड' आहे की 'इन्स्पेक्टेड' की 'टेस्टेड'? फरक मोठा आहे. टेस्टेड म्हणजे त्या दिवशी बेंचवर चाललं, एवढंच. बेअरिंग बदलले की नाही आणि कुठल्या मॅन्युअलप्रमाणे काम झालं, हे रकाना १२ मध्ये लिहिलेलं असतं. तो रकाना रिकामा किंवा मोघम असेल तर पुढे जाऊ नका. ज्या रिपेअर स्टेशनचं नाव आहे त्यांना वर्क ऑर्डर नंबर देऊन स्वतः विचारा, विक्रेत्यामार्फत नको. तारीखही बघा: कपाटात कित्येक वर्षं पडून राहिलेल्या जायरोच्या बेअरिंगचं वंगण सुकतं, कागद खरा असला तरी.

आणि वाहतूक. ओव्हरहॉल झालेला जायरो टेबलावरून पडला तर तो पुन्हा ओव्हरहॉललाच जातो. फोममध्ये दोन खोक्यांचं पॅकिंग मागा. काढतानाही इंजिन बंद झाल्यावर १५ मिनिटं थांबून मगच हलवा, तोवर आत रोटर फिरत असतो.

माझं स्पष्ट मत: निम्म्या किमतीचा जायरो घेऊ नका. तुमचेच जायरो ओव्हरहॉलला पाठवाल तर त्यांचा इतिहास तरी माहीत आहे.

कॅनबस

जी५ बद्दल. प्रमाणित विमानासाठी आणि प्रायोगिक विमानासाठी जी५ चे पार्ट नंबर वेगळे आहेत. दिसायला सारखे, किमतीत फरक, आणि स्वस्तातला चुकून घेतला तर १७२ मध्ये कायदेशीर बसणार नाही. एसटीसीच्या (विमानातल्या बदलाच्या मंजुरीपत्राच्या) मंजूर मॉडेलच्या यादीत तुमचं विमान आहे हे बघा, आणि भारतात तो बदल विमानावर घ्यायला डीजीसीएची मान्यता तुमच्या कॅमोमार्फत (विमानाची देखभाल आणि कागद सांभाळणाऱ्या संस्थेमार्फत) आधी लेखी मिळवा. पॅनेल कापून मग कागद शोधत बसण्यासारखं दुसरं दुखणं नाही.

दोन जी५ असतील तर डीजीच्या जागचा जी५ गरज पडल्यास होरायझन दाखवू शकतो. त्यासाठी त्यालाही पिटो आणि स्टॅटिक नळ्या (बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांपर्यंत नेणाऱ्या) जोडलेल्या हव्यात. प्रत्येकाची बॅकअप बॅटरी नवी असताना ४ तासांपर्यंत चालते. अल्टरनेटर गेला तरी विमान सरळ ठेवता येतं ते याच्यामुळे, म्हणून बॅटरीची चाचणी दर वर्षी लॉगमध्ये नोंदवून करा.

चुका होतात त्या इथे. कॅन बसच्या (उपकरणं एकमेकांशी बोलतात त्या तारांच्या जोडीच्या) दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर (रोधक) लागतो. वीज बंद करून दोन तारांमध्ये मोजा, ६० ओहम आले पाहिजेत. १२० आले तर एक टर्मिनेटर नाही, ४० आले तर एक जास्त आहे. हेडिंगसाठीचा (नाकाची दिशा मोजणारा) मॅग्नेटोमीटर पंखात जातो. त्याच्याजवळ स्टीलचा स्क्रू, एलेरॉनची (पंखाच्या हलत्या पट्टीची) केबल किंवा नॅव्हिगेशन लाइटची तार आली की हेडिंग अधूनमधून भरकटतं. बसवल्यावर लाइट, स्ट्रोब, पिटो हीट आणि फ्लॅप मोटर एकेक चालू करून हस्तक्षेप बघा, एलेरॉनही पूर्ण हलवून बघा. पिच-रोल ऑफसेट देताना विमान खरंच समपातळीत हवं: शेपटीच्या डाव्या बाजूच्या लेव्हलिंग स्क्रूंवर पाणसळ ठेवा, हँगरच्या फरशीवर विश्वास नको.

आणखी एक. जी५ चा होरायझन जीपीएस किंवा हवेच्या वेगाचा आधार घेतो, दोन्ही गेले तर तो तशी सूचना देतो. म्हणून जीपीएसच्या अँटेनाचा खर्च वाचवू नका.

३००ए ऑटोपायलट डीजीकडून हेडिंग घेतो आणि टर्न कोऑर्डिनेटरकडून वळणाचा वेग. टर्न कोऑर्डिनेटर काढू नका. हेडिंगसाठी जीएडी २९बी (जी५ ला ऑटोपायलटशी जोडणारा डबा) लागेल, आणि तुमचा ऑटोपायलट त्या मंजूर यादीत शब्दशः नसेल तर जुना डीजी जागेवरच राहील, म्हणजे व्हॅक्यूमही.

त्रिकूट१७२

मनापासून आभार. गेज ४.२ च्या आसपास होतं, आता लक्षात येतंय. अल्टिमीटर आणि एअरस्पीडचं काय? आणि जी५ आल्यावर तेही काढता येतात का?

स्टॅटिकपोर्ट

४.२ म्हणजे हवाच कमी होती, भिंगरी यांचं निदान बरोबर दिसतंय.

जी५ आले तरी अल्टिमीटर, एअरस्पीड आणि व्हीएसआय (चढ-उताराचा वेग दाखवणारा) जागेवर राहतात, एसटीसीची तीच अट आहे.

एअरस्पीड इंडिकेटर दुसऱ्या विमानाचा घेऊ नका, दुसऱ्या १७२ चाही नाही. रंगपट्टे मॉडेलप्रमाणे बदलतात: १७२एनची लाल रेघ १६० नॉटला, १७२पीची १५८ ला. १९७६ पूर्वीच्या विमानांचा तर मुख्य आकडाच मैलांत.

अल्टिमीटर अमेरिकेतून घेताना दाबाची खिडकी बघा. तिथली बहुतेक खिडकी इंच पाऱ्यात असते, आपल्याला लोहगावहून क्यूएनएच (अल्टिमीटरला लावायचा दाब) हेक्टोपास्कलमध्ये मिळतो. १००६ म्हणजे २९.७१. कॉकपिटमध्ये हे मनात बदलताना २९.९१ लावलं तर विमान सुईपेक्षा २०० फूट खाली असतं, आणि घाटाच्या बाजूला ते चालणार नाही. मिलिबारची किंवा दुहेरी खिडकीच मागा. बेंच टेस्टच्या कागदावर प्रत्येक उंचीचे आकडे हवेत: १,००० फुटांना ±२० फूट, ४,००० ला ±३५, १०,००० ला ±८०. नुसता 'पास' चालत नाही.

कुठलीही नळी सोडली की स्टॅटिक गळतीची चाचणी. अल्टिमीटर १,००० फूट वर जाईल इतकं सक्शन हळू द्या, बंद करा, एका मिनिटात १०० फुटांपेक्षा जास्त उतरू नये. सक्शन हळूहळूच सोडा, नाहीतर व्हीएसआय खराब होतो. पावसाळ्यात उभं विमान असेल तर पिटोला झाकण लावा आणि स्टॅटिक नळीच्या वळणात पाणी साचलंय का ते बघा. कुंभारीण माशीला मातीने पिटोचं भोक बुजवायला एक दुपार पुरते.

भिंगरी

४.२ असेल तर क्रम असा लावा: फिल्टर, नळ्या, ऑइल सील, पंप, रेग्युलेटर ५.० वर, मग जायरोंची चाचणी. ३००ए यादीत आहे का ते कळेपर्यंत जी५ ची ऑर्डर देऊ नका. यादीत नसेल तर मधला मार्ग आहे: होरायझनच्या जागी एक जी५, डीजी व्हॅक्यूमवर. मग पंप पुन्हा फुटला तरी होरायझन शाबूत, आणि वीज गेली तरी डीजी फिरत राहतो. कुठल्याही मार्गाने गेलात तरी वजन-संतुलनाचा कागद, उपकरणांची यादी आणि फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी त्याच दिवशी बदलून घ्या, पुढच्या एआरसीच्या (उड्डाणयोग्यता तपासणीच्या प्रमाणपत्राच्या) वेळी पहिला प्रश्न त्यावरच येतो.