जुन्या ऑल्टोचा क्लच चढावर घसरतो : नुसती प्लेट बदलावी की पूर्ण सेट?

धंतोलीकर (प्रश्न)
नमस्कार मंडळी. आमच्याकडे २००८ सालची ऑल्टो आहे. वडील ती रोज इतवारीतल्या दुकानापर्यंत नेतात. गेल्या काही आठवड्यांपासून नागपुरातल्या रामझुला उड्डाणपुलाचा चढ चढताना ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो, परंतु गाडी त्या प्रमाणात पुढे सरकत नाही. दुपारच्या उन्हात वाहतूक तुंबली असेल, तर जळका वासही येतो. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावरच गाडी उचल घेते. रिव्हर्स गिअर मात्र खरखर न होता पडतो. एका मेकॅनिकने केवळ क्लच प्लेट बदलण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्याने प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारा भाग) आणि रिलीज बेअरिंगसह पूर्ण सेट टाकून फ्लायव्हीलही (इंजिनाकडची जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट दाबली जाते) लेथवर घासायला द्यावे असे सांगितले. दोघांच्या खर्चात बरेच अंतर आहे. केबल जुळवून काम भागण्याची काही शक्यता आहे का?

प्रतापनगरकर
शक्यता आहे, आणि ती तपासायला पैसे लागत नाहीत. आपल्या गाडीचा क्लच केबलवर चालतो. प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटे बेअरिंगच्या दिशेने सरकतात आणि पेडलचा मोकळा खेळ कमी होत जातो. तो वेळोवेळी जुळवून घेतला नाही, तर बेअरिंग त्या बोटांवर सतत टेकून राहते आणि पाय पेडलवर नसतानाही क्लच किंचित दाबलेला राहतो. अशा वेळी प्लेट शिल्लक असूनही क्लच घसरू शकतो. पेडल पायाने नव्हे, हाताने दाबून पाहावे. जोर लागण्यापूर्वी ते थोडे सैल सरकलेच पाहिजे. अजिबात सरकत नसेल, तर गिअरबॉक्सवरील लिव्हरपाशी केबलच्या टोकाला असलेल्या नटाने पुस्तिकेत दिलेल्या मापाइतका खेळ ठेवावा.

त्यानंतर सकाळी मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये साधारण ४० च्या वेगाने जात असताना ॲक्सिलरेटर एकदम दाबावा. आवाज चढला आणि वेग तसाच राहिला, तर प्लेट संपत आली आहे असे समजावे. ही चाचणी वारंवार करू नये, कारण प्रत्येक वेळी प्लेट आणखी जळते.

धंतोलीकर
आभारी आहे. पेडलला खेळ अजिबात नव्हता. तो ठेवल्यावर थोडा फरक पडला, तरी चौथ्या गिअरमध्ये घसरणे कायम आहे. गाडीखाली पाहिले तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले आहेत, तिथे खालच्या बाजूला तेलाचा थेंब लोंबताना दिसला. याचा क्लचशी काही संबंध असेल का?

मानेवाडा गॅरेज
निकट संबंध असू शकतो, आणि माझ्या मते प्लेट की सेट या प्रश्नाआधी या थेंबाचा उलगडा व्हायला हवा. तो थेंब बोटावर घेऊन पाहावा. काळे, पातळ तेल असेल, तर क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे ऑइल सील गळत असावे. गंधकासारखा उग्र वास असेल, तर ते गिअर ऑइल आहे आणि दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून फिरणाऱ्या दांड्याच्या) सीलमध्ये असावा. प्लेटच्या अस्तराला (घर्षणाच्या थराला) तेल लागले की झीज फारशी झालेली नसतानाही क्लच घसरतो. सील तसेच ठेवून कितीही चांगला सेट बसवला, तरी काही महिन्यांत हीच तक्रार परत येईल.

खर्चाचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फक्त प्लेट बदलायची असली, तरी चाकांना फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट काढून, गिअर ऑइल रिकामे करून गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो. बेअरिंग पुढे आवाज करू लागले, तर हीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. म्हणून एवढ्या जुन्या गाडीत प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि सील एकाच वेळी बदलावे, असे मी आग्रहाने सांगेन. लेथचे मात्र सरसकट नाही. फ्लायव्हीलवर निळसर डाग, बारीक तडे किंवा नखाला लागणारे चर असतील तरच ते पाठवावे. पृष्ठभाग स्वच्छ असेल, तर विनाकारण धातू उतरवू नये.

काम सुरू असताना शक्यतो तिथे उभे राहावे आणि जुनी प्लेट हातात घेऊन पाहावी. रिव्हेटची डोकी अस्तराच्या पृष्ठभागापासून अर्धा मिलिमीटरही खोल उरली नसतील, तर प्लेट खरोखर संपली होती. नवी प्रेशर प्लेट गंज लागू नये म्हणून तेलकट थर देऊन आलेली असते. तो थर पुसूनच ती बसवायला हवी, हे घाईत अनेकदा राहून जाते. स्प्लाइनवर (प्लेट ज्यावर सरकते त्या शाफ्टच्या खाचांवर) ग्रीसचा अगदी पातळ हात पुरे, कारण जास्त झालेले ग्रीस फिरताना अस्तरावर उडते. बेल हाउसिंगमधली (क्लचभोवतीच्या आवरणातली) धूळ हवा मारून उडवू देऊ नये. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ती ओल्या फडक्यानेच पुसावी.

वर्धा रोड
वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. केबलही जुनीच असेल, तर याच कामात बदलून घ्यावी. ती आतून सुकली किंवा तिचे तंतू तुटू लागले की पेडल जड होते. वडिलांसाठी एक विनंती आहे. व्हरायटी चौकासारख्या लांब सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पाय पेडलवरून काढावा आणि चढावर थांबताना अर्ध्या क्लचवर गाडी तोलून न धरता हँडब्रेक लावावा. आपल्याकडच्या मे महिन्यात तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. तेव्हा तुंबलेल्या रहदारीत तापलेल्या प्लेटला थंड व्हायला उसंतच मिळत नाही.

नवा क्लच बसवल्यावर पहिले ५०० किलोमीटर झटक्याने गाडी उचलू नये आणि जास्त भार घेऊन घाटात नेऊ नये. अस्तर बसले की पेडलचा खेळ पुन्हा बदलतो, तेव्हा त्याच मेकॅनिककडून तो एकदा मोजून घ्यावा आणि त्याच वेळी गिअर ऑइलची पातळीही पाहून घ्यावी.